लाहेचा दिवस

त्या दिवाळीनंतर उंबरपाणीच्या पाड्यात एक नवलच झालं. ज्या पावत्यांच्या नावानं माणसं इतकी वर्षं बोटं मोडत होती, त्याच पावत्या ती देवासारख्या जपायला लागली.

जंगलात नांगर घातला म्हणून शिपायानं दंड करायचा, निळ्या शाईची पावती हातात ठेवायची, आणि माणसानं घरी येऊन तिची विडी वळायची, असा आजवरचा रिवाज. आता तालुक्याहून हुकूम आला होता. बहात्तरच्या दुष्काळाआधीपासून जो जंगलात शेत कसत असेल तो इथला, त्याची जमीन त्याच्या नावावर होणार. दुष्काळात किंवा नंतर जो आला तो बाहेरचा, त्याला उठवून हद्दीपार मध्य प्रदेशात परत धाडणार. आणि दुष्काळाआधीचा पुरावा कोणता, तर दंडाची पावती. ज्याचा गुन्हा लिहिला गेला तो कायद्याचा झाला आणि ज्याचा गुन्हा कुठे लिहिलाच नाही तो चोर ठरला. ज्यांनी पावत्यांच्या विड्या ओढल्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले. बाकीचे कुडाच्या फटी, धान्याच्या कणग्या, म्हाताऱ्यांची गाठोडी धुंडाळू लागले.

ही हद्द तरी कुठली? सातपुड्याच्या पाठीवर कुणीतरी रेघ ओढली आणि अल्याड महाराष्ट्र, पल्याड दुसरं राज्य झालं. सोयरिकी दोन्हीकडच्या, देव दोन्हीकडचे, मोहाच्या झाडांना तर कुठलं राज्य हे अजून ठाऊक नाही. खाली बाजाराच्या गावात भंवरलालचं दुकान आहे. त्याचा आजा मारवाडातून उंटावर माल लादून आला. त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, तू दुष्काळाआधीचा की नंतरचा. असो. विचारणारे विचारायचे त्यालाच विचारतात.

मंगाची विधवा जमना हिच्याकडे पावती नव्हती. तिच्याकडे कागद होता, चांगला चार घड्यांचा, खाली गोल शिक्का असलेला. सात वर्षांपूर्वी मंगाला कोठडीतून सोडलं तेव्हा तो त्याच्या हातात दिला होता. जमनानं तो बांबूच्या नळकांड्यात घालून आढ्याला टांगला आणि दर दिवाळीला नळकांड्याला शेंदूर लावला. त्यात काय लिहिलंय ते तिनं कुणाकडून वाचून घेतलं नाही. एकदा भंवरलाल म्हणाला होता, "आण बाई, बघतो." पण कागद परक्यापुढे उघडला की त्यातलं बळ जातं, असं तिचं ठाम मत. आणि वाचायचं काय त्यात? नवऱ्याला मारलं, हेच लिहिलेलं असणार. ते तिला पाठ होतं.

मंगानं त्या साली ओहोळाच्या वरच्या अंगाला एक पट्टी नवी काढली होती. दाट सागाच्या आत, खालून दिसायचीच नाही. मंगा, त्याचा पोरगा मगन आणि शेजारचा खाज्या, या तिघांशिवाय ती वाट कुणाला ठाऊक नव्हती. एका सकाळी शिपाई सरळ त्या पट्टीवर आले. पाड्यात शिरले नाहीत, कुणाला विचारलं नाही, पायवाट चुकले नाहीत. मंगाला त्यांनी नांगराच्या रुमण्यानं मारलं, त्याच्याच नांगराच्या. महिन्यानं तो कोठडीतून घरी आला तो बरगड्या धरून. खोकला की फडक्यावर लाल ठिपके पडायचे. पुढच्या साली मोह फुलायच्या आत तो गेला, आणि मग दुष्काळ आला. जमनानं सरकारी कामावर खडी फोडली. हातोडा उचलला की तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस यायचा.

खाज्या पल्याडचा. दुष्काळाच्या तीन वर्षं आधी बायको रुपलीला घेऊन डोंगर उतरून आला होता, अंगावर लंगोटी आणि डोक्यावर एक मडकं. मंगानंच त्याला आपल्या बांधाला जागा दिली, बी दिलं, आणि त्याच्यासाठी पाड्यात लाह बोलावली. लाह म्हणजे कुणाच्या घराला किंवा शेताला हात कमी पडले की सगळा पाडा एक दिवस त्याच्याकडे राबायला जातो. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं, आणि जे जे आले त्यांच्या कामाला पुढे एकेक दिवस फेडायला जायचं. दिवस फेडल्याशिवाय माणूस मरू नये असं मानतात. आणि लाहेला जाऊन तिथलं अन्न न खाता उठलं, तर त्या घराशी असलेली गाठ सुटली. मग मयतीलासुद्धा जायचं नाही. जमनाच्या उभ्या हयातीत कुणी असं उठलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

वरची पट्टी खाज्यानंच दाखवली असणार हे जमनाला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण हातात काही नव्हतं. तिनं एकदा कारभारी डोंगऱ्याच्या कानावर घातलं, तर म्हातारा म्हणाला, "दखं का कोनी? मंग बोलू नको, पाडा फुटी जाई." तिनं तोंड मिटलं. सात वर्षं तिनं खाज्याशी ना भांडण केलं, ना त्याच्या वाटेत काटा टाकला. शेजारधर्मही सोडला नाही. मनातलं मात्र रोज धार लावून ठेवलं.

सगळ्या पाड्याला कधी ना कधी दंड झाला होता. खाज्याला एकदाही नाही. तेव्हा लोक त्याला नशीबवान म्हणत. आता हेच नशीब त्याच्या गळ्याशी आलं.

जमना अंगणात विळ्याला दगडावर धार लावत होती तेव्हा तो आला आणि उंबऱ्यापासून चार हात दूर उकिडवा बसला.

"अक्का, मोजणीदार येनार शे म्हने."

"येऊ दे."

"मनाकडे पावती नही."

"तुले दंडच कव्हय झाया नही. पावती कोठून ऱ्हाई?"

खाज्यानं मान खाली घातली. काडीनं मातीत रेघा ओढत म्हणाला, "बांधना शेजारी बोलना तरी चालस म्हने. मना बांधले तूच शे. तू सांगी दे अक्का, खाज्या दुष्काळना आधी उना. खरंच शे ते."

जमनानं विळ्याच्या पात्यावर अंगठा फिरवून पाहिला. धार अजून हवी होती.

"दखसू," बघू, एवढंच ती म्हणाली.

 तिनं पाणीही विचारलं नाही. तो उठून गेला तेव्हा जमनाला कळलं की आपल्याला आनंद झालाय. सात वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती आणि तो दिवस स्वतःच्या पायानं चालत येऊन अंगणात उकिडवा बसला होता. तिला हात उचलायचा नव्हता, शिवी द्यायची नव्हती. साहेबानं विचारलं की नाही म्हणायचं, बस. जसा डोंगर उतरून आला तसा चढून जाईल.

मार्गशीर्षात ज्वारी कापणीला आली. जमनानं लाह बोलावली. सगळ्यांच्या दारी मगन गेला, खाज्याच्या दारी गेला नाही. तरी उजाडताच खाज्या आणि रुपली कडेच्या तासाला, म्हणजे ओळीला, येऊन उभे. धुकं अजून ओहोळात बसलेलं होतं, ताटं दवानं ओली होती, आणि हातांना भेगा पडतील अशी थंडी. खाज्यानं कुणाकडे न बघता विळा चालवायला सुरुवात केली.

तो त्या दिवशी भुतासारखा राबला. दुसरे एक तास कापत तोवर त्याची दोन होत. दुपारी बाकीचे मोहाखाली पाय पसरून बसले, तर जमनानं त्याला सांगितलं, "खालना ओहोळवरथून पानी लई ये." त्यानं दोन घागरी आणल्या. ती म्हणाली, "अजून लागी." तो परत गेला. चार खेपा त्यानं केल्या. पाचव्या खेपेला त्याच्या पायाला दगड लागून नख उचकटलं, तरी तो मातीचा गोळा दाबून परत विळ्याला लागला. पाड्यातली माणसं एकमेकांकडे बघत होती.

संध्याकाळी अंगणात पंगत बसली. पळसाच्या पत्रावळींवर भाकरी, उडदाची डाळ आणि मोहाची थोडी थोडी. जमनानं सगळ्यांना स्वतः वाढलं. खाज्याच्या पानापाशी आली तेव्हा म्हणाली, "तू मागे बस. पल्याडनी मानसं मागे."

आजवर उंबरपाणीच्या पंगतीत असा शब्द कुणी काढला नव्हता. हा शब्द साहेबांच्या हुकुमातून आला होता आणि जमनाच्या तोंडी तो बघता बघता बसला. गंमत अशी की जमनाचं स्वतःचं माहेर पल्याडचं. पण बाई लग्न होऊन आली की ती घराची, तिला कोण हद्द विचारतो?

खाज्या उठला, पत्रावळ उचलली, गोठ्याच्या भिंतीशी जाऊन बसला. तिथं शेणाचा वास येत होता. त्यानं शेवटचा घास संपवला आणि पत्रावळ दुमडली. जमनाला ते खाणं बघायला फार बरं वाटलं. एवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं नाही की तो राबला, जेवला, आणि आता त्याचा एक दिवस तिच्या अंगावर चढला.

दोन दिवसांनी रुपली आली. डोक्यावर मोळी. ती तिनं न विचारता जमनाच्या कुडाला टेकवली आणि जात्यापाशी बसून दळायलाच लागली. जमनानं तिला उठवलं नाही. रुपलीच्या पोटी एकच मूल, मुलगी, सात वर्षांची. तिला जमनानंच या जगात ओढलं होतं. नाळ कापली, खापरात घालून खाज्याच्या उंबऱ्याखाली पुरली. ती मुलगी झाली तेव्हा मंगा कोठडीत होता. दीड दिवस रुपली अडली होती, आणि जमना नवऱ्याचं दुःख बाजूला ठेवून तिच्या कमरेला आधार देत बसली होती.

"अक्का," दळता दळता रुपली म्हणाली, "आम्हले उठाडं ते कोठे जावानं? पल्याडनं गाव बी आते आमनं नही. तठे मना दीरनी बठ्ठी जमीन लई लिधी."

"मंगा गया तव्हय मी कोठे गयी?" जमना म्हणाली. "आठेच ऱ्हायनी. खडी फोडी."

"त्यामा आमनं काय चुकनं?"

जमना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हिला ठाऊक नाही, हे तिला स्पष्ट दिसलं. खाज्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, सांगावं. पण सांगितलं तर ही रडेल, आणि हिच्या रडण्यानं आपला हात ढिला पडेल. तिनं पीठ गोळा केलं, सूप झटकलं.

"तुना नवराले ईचार," एवढंच बोलली.

रुपलीनं विचारलं की नाही कुणास ठाऊक. पण त्यानंतर ती दळायला आली नाही.

मोजणीदार पौषात आला. अभिमन पाटील त्याचं नाव, खालच्या तापीकाठच्या गावचा, पोटानं सुटलेला, स्वभावानं वाईट नव्हता. साखळी ओढणारी दोन माणसं, एक पत्र्याची पेटी. कारभाऱ्याच्या अंगणात खाट टाकली, तिच्यावर तो बसला, आणि सगळा पाडा समोर जमिनीवर. एकेक जण पावती घेऊन येई. तो चष्मा वर करून बघे, लिहून घेई, अंगठा उमटवी. मळक्या, उंदरांनी कुरतडलेल्या पावत्या त्यानं मुकाट घेतल्या. एकानं विडीचं अर्धं जळालेलं थोटूक आणलं. त्यावर अजून अर्धा शिक्का दिसत होता. पाटील हसला, पण तेही त्यानं चिकटवून घेतलं.

खाज्याची पाळी आली.

"पावती?"

"नही साहेब."

"मग शेजारी कोण?"

"जमना अक्का."

"ये बाई. हा तुझ्या बांधाचा. कधी आला, सांग. दुष्काळाआधी की नंतर? देवाला स्मरून सांग."

जमना उठली. पदर सावरला. सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीवर आल्याचं तिला जाणवलं. खाज्या हात जोडून उभा होता. नख उचकटलेल्या त्याच्या पायाच्या बोटाला अजून चिंधी होती. तिच्या डोळ्यांपुढे मंगाचं लाल ठिपक्यांचं फडकं आलं.

"दुष्काळमा उना," ती म्हणाली.  "खडीना कामवर पल्याडनी मानसं उनी व्हती, त्यासनामा हाऊ बी उना."

 सगळ्यांना खरं ठाऊक होतं. कारभारी डोंगऱ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नियम शेजाऱ्याचा होता, बाकीच्यांना कुणी विचारत नव्हतं. खाज्या जोडलेले हात खाली आणायचं विसरला. रुपली मागे बायकांत बसली होती, तिनं मुलीला पोटाशी ओढलं.

पाटलानं वहीत काहीतरी लिहिलं. "बरं. आता तुझं. तुझा पुरावा काय?"

जमनानं नळकांडं पुढे केलं. शेंदराचे सात थर त्याच्यावर बसलेले. पाटलानं बोट घालून कागद काढला, मांडीवर सपाट केला आणि वाचायला लागला. आधी मनात, मग ओठ हलवत. मग त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"बाई, हा पंचनामा आहे तुझ्या नवऱ्याच्या गुन्ह्याचा. एकाहत्तर सालचा. तुझं काम झालं, जमीन तुझी. पण हे काय आहे?" आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "पंच क्रमांक दोन. खाज्या वल्द नुऱ्या, राहणार उंबरपाणी. यांनी समक्ष सोबत येऊन गुन्ह्याची जागा दाखविली. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा."

मग जमनाकडे बघून म्हणाला, "हा एकाहत्तर सालीच उंबरपाणीत राहत होता. तू खोटं बोललीस बाई. पण बिचाऱ्याचं नशीब चांगलं, तुझ्याच कागदात त्याचा पुरावा निघाला." आणि त्यानं वहीतली आधीची ओळ खोडली.

जमनाला आधी काहीच कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. आढ्याला टांगलेल्या त्या नळकांड्यात, तिच्या डोक्यावर, सात दिवाळ्या, ते नाव झोपलं होतं. ती रोज त्याच्याखाली भाकरी थापत होती, त्याच्याखाली रडत होती, आणि त्याला शेंदूर लावत होती.

ती खाज्याकडे वळली.

"दखाडी तू?"

खाज्याचे हात अखेर खाली आले. तो साहेबाकडे नाही, तिच्याकडेही नाही, जमिनीकडे बघून बोलला. "माले धरं व्हतं त्यासनी. म्हनेत, तू पल्याडना शेस, उद्याच तुले हद्दीपार करसूत. रुपलीना दिन भरेल व्हतात. म्हनेत, एक जागा दखाड, मंग तुले कोनी हात लावाव नही. मी दखाडी. मारतीन असं वाटनं नही माले अक्का. दंड करतीन, असं वाटनं."

"त्याले कोठडीमा टाकं," जमना सावकाश म्हणाली, "त्याना पंधरा दिन नंतर मी तुनी पोरनी नाळ कापी. तू दारमा उभा व्हता. मना पाय धरात तू. तव्हय बी बोलना नही."

 रुपलीनं मुलीच्या कानांवर हात ठेवले होते, पण स्वतःचे कान तिला झाकता येत नव्हते.

पाटील अवघडला. पेनचं टोपण लावून म्हणाला, "हे तुमचं आपसातलं. माझ्याकडे काय, दोघंही दुष्काळाआधीचे. ये रे खाज्या, अंगठा दे." खाज्या पुढे गेला. त्यानं डावा अंगठा शाईत बुडवला, तोच अंगठा, आणि कागदावर ठेवला. त्या क्षणी तो सरकारच्या लेखी उंबरपाणीचा झाला. कारभारी डोंगऱ्या उठला, पागोटं झटकलं.

"सरकारनी तुले आठला करं खाज्या. बेस शे," एवढं बोलून तो आपल्या घरात गेला आणि मागे बघितलं नाही. मग एकेक जण उठला. अंगणात खाज्या राहिला, शाईचा अंगठा हवेत धरून.

जमना घरी आली ती तापल्यासारखी. तिचा सूड हुकला होता. वर तिच्याच कागदानं त्याला जमीन दिली. मगन तर कोयता घेऊन उठला होता. तिनं त्याला दारात अडवलं. "बस. एक मानूस गया. आते तू बी जाशी कोठडीमा. मंग माले कोन?" मगन बसला, पण कोयता त्यानं खाली ठेवला नाही. तीन दिवस जमना धड जेवली नाही. कागद तिनं परत नळकांड्यात घातला, पण आढ्याला टांगला नाही, कोपऱ्यात टाकून दिला.

पाड्यात कुणी पंचायत भरवली नाही, कुणी दंड ठोठावला नाही. फक्त खाज्या ओहोळावर आला की बायका घागरी अर्ध्या भरूनच उठत. त्याचा बैल चिखलात रुतला तेव्हा त्यानं हाका मारल्या आणि चौघं जण आपापल्या बांधावर उभे राहून ढगांकडे बघत होते. माघ महिन्यात ढग कुठले?

खाज्याला वाटलं असेल, वेळ जाईल तसं निवळेल. फाल्गुनात त्यानं घर बांधायला काढलं. इतकी वर्षं झोपडी होती, कधी उठवतील याचा नेम नव्हता म्हणून खांब उभे केले नव्हते. आता जमीन नावावर होती. त्यानं सागाचे सहा खांब तासले, कुडासाठी तुरीच्या काड्या जमवल्या, आणि मोभ आणला. मोभ म्हणजे घराच्या पाठीचं लाकूड, वीस हात लांब, तो चढवायला दहा गडी लागतात. मग तो लाह बोलवायला दारोदार फिरला. प्रत्येक दारात त्याला एकच शब्द मिळाला.

"दखसू."

जमनाच्या दारी तो आला नाही. तेवढी शरम होती.

लाहेच्या दिवशी सकाळी जमनानं दारातून बघितलं. खाज्याच्या अंगणात चूल पेटली होती, मोठं भगुणं चढलं होतं. बोकड कापला असावा, वास इथवर येत होता. चाळीस माणसांच्या पत्रावळी रुपलीनं भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. सूर्य कासराभर वर आला. कुणी आलं नाही. पाड्यातली सगळी माणसं त्या दिवशी आपापल्या घरात होती, पण कुणी दार लावलं नव्हतं. सगळे दारात बसून बघत होते.

जमना मनाशी हसली. मग तिला आठवलं. ज्वारीच्या लाहेला तो न बोलावता आला होता, राबला होता, गोठ्याच्या भिंतीशी बसून का होईना, जेवला होता. एक दिवस.

तिनं पदर कमरेला खोचला, पाटी घेतली.

"माय, तू कोठे जाई ऱ्हायनी?" मगन उभा राहिला.

"त्याना एक दिन मना अंगवर शे. तो घीसन माले मराणं नही."

ती उन्हातून चालत खाज्याच्या अंगणात शिरली तेव्हा रुपलीच्या हातातला डाव थांबला. खाज्या खांबाच्या खड्ड्यात उभा होता, कमरेइतका. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सात वर्षांत जमनानं त्याला असं उजळलेलं बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, अक्का आली. अक्कानं सोडलं. आता पाडा येईल.

"अक्का," तो म्हणाला.

 जमना माती कालवायला बसली. शेण, माती, भुसा, पाणी. पायानं तुडवली, हातानं मळली. ओहोळावरनं पाण्याच्या खेपा केल्या, मोजून पाच, जितक्या त्याला करायला लावल्या होत्या तितक्याच. दुपारी ऊन डोक्यावर आलं तरी ती सावलीला बसली नाही. खाज्यानं चार खांब उभे केले, ते तिनं धरले, त्यानं दगड ठोकले. दोघं हातभर अंतरावर होते. त्याचा घाम तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला आणि काम पुढे चालवलं. एका बाजूचा कुड तिनं नीट लिंपला, फट राहू दिली नाही. काम चोरणं तिला जमणारं नव्हतं. दिवस फेडायचा तर पूर्ण फेडायचा.

दारादारातून पाडा बघत होता. दोन-तीन तरुण उठून उभे राहिलेही. अक्का गेली म्हणजे आपणही जावं का, असा त्यांचा विचार चाललेला. कारभारी डोंगऱ्यानं त्यांना हातानं बसवलं. "थांबा," तो म्हणाला. "सांज व्हऊ द्या."

सांज झाली. जमनानं हात धुतले, पाय धुतले. रुपलीनं अंगणाच्या मधोमध, सगळ्यात पुढे, पत्रावळ मांडली. तिच्यावर भात वाढला, भात त्या घरात सणालाही शिजत नसे. वर बोकडाचं मटण, काळजाचा तुकडा वेगळा काढून ठेवलेला. मुलीनं पाण्याचा लोटा आणून ठेवला. खाज्या बाजूला हात जोडून उभा राहिला.

"बस अक्का," रुपली म्हणाली.  "तू खाशी तव्हय आम्ही खासूत."

जमनानं त्या पत्रावळीकडे बघितलं. भुकेनं तिच्या पोटात कळ आली, दिवसभर तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मग तिनं मुलीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. वाकून पाटी उचलली, झटकली, डोक्यावर घेतली.

"दिन फिटना," ती म्हणाली.

"अक्का, एक घास," खाज्या म्हणाला. मग त्याला कळलं, आणि त्याचा आवाज बदलला. "अक्का, मार माले. मगनले सांग, मारू दे. पन घास खाई ले."

ती अंगण ओलांडून निघाली. पत्रावळीला पाय लागू दिला नाही, कडेनं गेली. रुपली चार पावलं मागे आली, हातात तो काळजाचा तुकडा घेऊन, आणि कुंपणापाशी थांबली. पाड्यातल्या सगळ्या दारांनी ते पाहिलं. मग एकेक दार लागलं.

खाज्यानं मोभाच्या एका टोकाला खांदा लावला, रुपलीनं दुसऱ्या. लाकूड गुडघ्याइतकं उचललं गेलं आणि खाली बसलं. त्यांनी परत उचललं. जमना आपल्या दारातून थोडा वेळ बघत राहिली, मग आत गेली. चूल पेटवली आणि मगनला भाकरीचं पीठ काढायला सांगितलं. बऱ्याच वर्षांनी तिला खरी भूक लागली होती. ती तीन भाकरी जेवली, वर चौथी अर्धी, आणि तोवर बाहेरून लाकूड जमिनीवर पडल्याचा आवाज पुन्हा दोनदा आला.